लॅपटॉपचा ब्रँड बदलताय? आधी जुन्यावरचं लायसन्स सोडवा

गिरीजला घरूनच दुकानदारांचे हिशेब लिहिणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, जुना लॅपटॉप दमलाय. त्याच कंपनीचा नवा महाग पडतो, दुसऱ्या ब्रँडचा घेतला तर पैसे वाचतात. घेऊ का?"

घ्या की! टॅलीला झाकणावरच्या नावाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त विंडोज लागतं. पण जुना लॅपटॉप विकण्याआधी त्यावरून टॅलीचं लायसन्स 'सरेंडर' करा, मगच ते नव्यावर चालू करा. बॅकअप नुसता घेऊन ठेवू नका, नव्या मशीनवर उघडून बघा. (हे सगळे उद्यावर टाकतात!)

आणि तारीख सांभाळा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ असतं ११ तारखेपर्यंत, ३बी २० पर्यंत. या दिवसांत मशीन बदलायचं नाही. रिटर्न चुकलं तर लेट फी तुमच्या ग्राहकाला बसते, मग तो ग्राहक तुमच्याकडे राहील का?

बिल स्वतःच्या जीएसटी नंबरवरच घ्या. ४०,००० च्या लॅपटॉपवर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये कर होतो. धंद्यासाठी घेतलात तर त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर मात्र नाही.

स्वस्त मिळतो म्हणून लॅमिंग्टन रोड गाठाल, हरकत नाही. पण दुरुस्तीसाठी पुन्हा वसई रोडहून ग्रँट रोडची लोकल पकडायची म्हणजे अख्खा दिवस गेला. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: बिघडला तर तुमचा माणूस गिरीजला घरी येईल का? हो म्हणाले, तर वॉरंटीच्या कागदावर तसं लिहिलेलं दाखवायला सांगा.