नेटवर्कची खोली आणि वऱ्हाडचा उन्हाळा

अमरावती-अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयात किंवा बँकेत गेलात, तर एका खोलीत माणसाच्या उंचीचे लोखंडी कपाट दिसेल. त्यात नेटवर्कचे स्विच, राउटर एकावर एक बसवलेले असतात. हा रॅक. यंत्राच्या पुढच्या पट्टीची रुंदी 19 इंच आणि उंची 1.75 इंचाच्या पटीत, ही मापे जगभर ठरलेली आहेत. खोलीला मात्र आपल्या गावची हवा आणि माती सोसावी लागते.

आधी हवा पाहू. यंत्रे घेतात ती जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णता होते. समजा, रॅक 500 वॅट वीज घेतो आणि खोली 3 मीटर लांब, रुंद व उंच आहे. तिच्यात सुमारे 30 किलोग्रॅम हवा मावते. एवढी हवा 1 अंशाने तापवायला सुमारे 30 किलोज्यूल उष्णता लागते. रॅक ती 60 सेकंदांत देतो! भिंती बरीच उष्णता शोषतात, म्हणून पारा इतक्या वेगाने चढत नाही. पण मे महिन्यात अकोल्याचे तापमान 45 अंश सेल्सिअसवर जाते, तेव्हा भिंतीच तापलेल्या असतात. आणि अनेक यंत्रांची मर्यादा 40-45 अंशांचीच असते.

मग घरच्यासारखा कूलर लावावा काय? नाही. कूलर खोलीत दमट हवा आणि बाहेरची धूळ सोडतो. येथे वातानुकूलन यंत्रच हवे. रॅक भिंतीला चिकटवू नये. बहुतेक यंत्रे पुढून हवा घेतात आणि मागून गरम हवा सोडतात. बॅटऱ्यांसारखे जड सामान तळाशी ठेवावे, म्हणजे गुरुत्वमध्य खाली राहून रॅक कलंडत नाही.

आता माती. विजेची उघडी तार चुकून रॅकला टेकली, तर स्पर्श करणाऱ्याच्या जिवावर बेतेल. म्हणून रॅक जाड तारेने जमिनीत पुरलेल्या धातूच्या पट्टीशी जोडतात. हेच अर्थिंग. वाट सोपी मिळाली की मोठा प्रवाह जमिनीकडे धावतो आणि फ्यूज उडतो.

ही वाट ओलाव्यावर अवलंबून असते. मातीतले क्षार पाण्यात विरघळले तरच वीज नीट वाहते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, ओल धरते. उन्हाळ्यात तीच आकसते, भेगाळते आणि पट्टीपासून सुटू लागते. म्हणजे जी माती कपाशीला ओल पुरवते, तीच येथे दगा देते! यासाठी खड्डा खोल घेतात, पट्टीभोवती कोळसा व मीठ भरतात आणि एक नळी वर काढून तिच्यावर नरसाळे बसवतात. उन्हाळाभर त्यातून पाणी ओतावे लागते. हे काम शिपायाच्या स्मरणशक्तीवर सोडू नये, वहीत नोंद ठेवावी.

अर्थिंगचा रोध मापकाने मोजतात. ही परीक्षा मे महिन्यात घ्यावी. ऑगस्टच्या ओल्या जमिनीत मिळालेला चांगला आकडा उन्हाळ्यात टिकेलच असे नाही.