गर्भवतीचा व्यायाम

काशिराज दिवोदास धन्वंतरीने शिष्यांना केलेला उपदेश म्हणजे सुश्रुतसंहिता, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथात गर्भिणीला व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. काशीच्या दुर्गाघाटावरील मराठी घर असो की पुण्यातील, सुनेला दिवस गेले की सासू ‘जपून अस हो’ म्हणते, ती याच जुन्या धास्तीने. मात्र तीच सून पाण्याची बादली घेऊन जिना चढते, तेव्हा ही धास्ती कोणास आठवत नाही.

वस्तुतः ग्रंथकाराने व्यायाम हा अतिभोजन व जागरण यांच्या पंक्तीला बसविला आहे. तेव्हा निषेधाचा रोख अतिरेकावर आहे, असे मानण्यास जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली, गुंतागुंत नसलेल्या गर्भवतीला आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली. तिने गर्भपाताचा धोका वाढत नाही. उलट गर्भारपणातील मधुमेहाचा व रक्तदाबाचा धोका घटतो.

चालताना सहज बोलता यावे, एवढीच गती असावी. आरंभी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तस्राव, चक्कर किंवा पोटात कळा जाणवल्यास तत्काळ थांबून त्यांना गाठावे. सुनेसोबत सासूही सपाट वाटेने चालू लागली, तर धास्ती आपोआप ओसरेल.