निवृत्तीची तारीख कोणी ठरवायची?

महिन्याचा अखेरचा दिवस उजाडला की केंद्र सरकारच्या एखाद्या तरी मंत्रालयात निरोपाचा समारंभ असतोच. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सहकाऱ्यांची चार भाषणे आणि सायंकाळी घरी पोचविणारी सरकारी मोटार. वयाची साठी ज्या महिन्यात पूर्ण होते, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी अधिकारी निवृत्त होतो. आणि जन्म एक तारखेचा असेल, तर आधीच्याच महिन्याच्या अखेरीस. नियम इतका काटेकोर, की कारकुनापासून सचिवापर्यंत प्रत्येकाला आपली तारीख नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

त्या अधिकाऱ्याच्या फायलीवर स्वाक्षरी करणाऱ्या मंत्र्याला मात्र अशी तारीख नाही. लोकसभेसाठी किमान 25 आणि राज्यसभेसाठी किमान 30 वर्षे ही अट राज्यघटनेने घातली; कमाल वयाबद्दल घटना मौन बाळगून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना 65, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना 62, लोकप्रतिनिधींना काहीच नाही. मतदार हाच त्यांचा सेवानियम, असे यामागचे तत्त्व. ते चुकीचे म्हणता येणार नाही. पण उमेदवारी मतदार देत नाहीत, पक्षश्रेष्ठी देतात. त्यामुळे राजकारण्याच्या निवृत्तीचा प्रश्न वयाचा न राहता, निर्णय कोणाच्या हाती, याचा होतो.

पंचाहत्तरीची रेषा

भारतीय जनता पक्षाने 2014 मध्ये सत्तेवर येताच ‘मार्गदर्शक मंडळ’ स्थापन केले आणि अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, मुरली मनोहर जोशी यांना त्यात स्थान दिले. पंचाहत्तरीची रेषा कोणत्याही कागदावर उमटली नाही. पण तिचा अंमल दिसू लागला. 2016 मध्ये आनंदीबेन पटेल यांनी आपल्या पंचाहत्तरीचा उल्लेख करूनच गुजरातचे मुख्यमंत्रिपद सोडले. पुढे त्या राज्यपाल झाल्या. 2019 मध्ये अडवाणी आणि जोशी यांना लोकसभेची उमेदवारी मिळाली नाही. त्याच वर्षी कर्नाटकात मात्र बी. एस. येडियुरप्पा यांनी वयाच्या 76 व्या वर्षी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. लिहिलेला नसलेला नियम असाच असतो. तो कोणाला लावायचा हे नियम ठरवीत नाही, गरज ठरविते.

लिहिलेल्या नियमाचीही कथा फार वेगळी नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने वरिष्ठ समित्यांसाठी 75 वर्षांची मर्यादा आखली आणि एप्रिल 2025 मधील मदुराई अधिवेशनात प्रकाश करात, वृंदा करात, माणिक सरकार आदी नेते त्यानुसार पॉलिट ब्युरोतून बाहेर पडले. केरळचे तत्कालीन मुख्यमंत्री पिनराई विजयन यांचा अपवाद करण्यात आला.

9 जुलै 2025 रोजी नागपुरात मोरोपंत पिंगळे यांच्यावरील पुस्तकाच्या प्रकाशन समारंभात सरसंघचालक मोहन भागवत यांनी पिंगळे यांची एक आठवण सांगितली. पंचाहत्तरीची शाल अंगावर पडते तेव्हा, आता बाजूला व्हा, असा तिचा अर्थ असतो, असे पिंगळे म्हणत. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि स्वतः भागवत त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पंचाहत्तरी पूर्ण करणार असल्याने राजधानीत या शालीवर महिनाभर तर्कवितर्क झाले. अखेर ऑगस्टमध्ये दिल्लीतच भागवत यांनी, आपण निवृत्त होणार किंवा कोणी व्हावे असे म्हटलेच नव्हते, असा खुलासा केला. दोन्ही वाढदिवस पार पडले आणि चर्चा ओसरली.

इंदूरच्या ताईंचे पत्र

या रेषेची खरी किंमत कळते ती एका मराठी नावाजवळ. चिपळूणमध्ये जन्मलेल्या आणि विवाहानंतर इंदूरच्या झालेल्या सुमित्रा महाजन 1989 पासून सलग आठ वेळा त्या मतदारसंघातून निवडून आल्या. 2014 ते 2019 या काळात त्यांनी लोकसभेचे अध्यक्षपद भूषविले. 2019 मध्ये पक्षाने एकामागून एक याद्या जाहीर केल्या, पण इंदूरचे नाव काही येईना. नकारही नाही आणि होकारही नाही. शेवटी 5 एप्रिलला, 76 व्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, महाजन यांनी स्वतःच पत्र लिहिले. पक्षाला संकोच वाटत असावा, असे सूचित करून आपण निवडणूक लढविणार नसल्याचे त्यांनी जाहीर केले आणि उमेदवार ठरविण्यास पक्षाला मोकळीक दिली.

या पत्राकडे दोन दृष्टींनी पाहता येते. पक्षाने जे सांगायचे टाळले ते एका ज्येष्ठ नेत्याला स्वतःच्या तोंडून वदवून घेतले, हा एक अर्थ. तीस वर्षांच्या संसदीय कारकिर्दीचा शेवट निदान स्वतःच्या हस्ताक्षरात व्हावा, एवढा मान ताईंनी राखला, हा दुसरा. दोन्ही अर्थ खरे आहेत. आणि पहिला खरा असल्यामुळेच दुसऱ्याचे मोल वाढते.

जाहीर केलेली आणि मागे घेतलेली निवृत्ती

शरद पवार यांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. 2 मे 2023 रोजी मुंबईत आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनप्रसंगी त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले. सभागृहात कार्यकर्त्यांनी हंबरडा फोडला, आणि 5 मे रोजी पवारांनी निर्णय मागे घेतला. दोन महिन्यांनी पक्ष फुटला. 5 जुलैच्या मेळाव्यात अजित पवार यांनी काकांच्या वयावरच बोट ठेवले : सनदी अधिकारी साठीत निवृत्त होतात, भाजपचे नेते पंचाहत्तरीत, मग तुम्ही कधी थांबणार? राजकीय वैराच्या भरात विचारलेला असला, तरी हा प्रश्न अनेक घरांत, अनेक दुकानांत आणि कारखान्यांत मनातल्या मनात विचारला जातो.

त्याचे उत्तरही एकच मिळाले नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत पवारांच्या पक्षाने दहापैकी आठ जागा जिंकल्या, तेव्हा ते थांबले नाहीत हेच बरे झाले, असे म्हटले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या 86 पैकी अवघ्या दहा जागा हाती आल्या, तेव्हा हेच लोक उलट बोलू लागले. निवृत्तीचा निर्णय पुढच्या निकालावर तोलायचा म्हटले, की तो कधीच होत नाही.

मुदतवाढीचा मोह

अधिकाऱ्याची तारीख ठरलेली असते म्हणून तो या पेचातून सुटतो, असे मात्र नाही. साठीच्या अलीकडे दोन वर्षे राजधानीत एक वेगळीच हालचाल सुरू होते. मुदतवाढ, एखादा आयोग, लवाद, सल्लागारपद, राजभवन अशा जागा किती आणि इच्छुक किती, याचा हिशेब मांडला जातो. यात गैर काय, असे कोणी विचारेल. अनुभव वाया का दवडावा? प्रश्न रास्त आहे. पण देणारा हात सरकारचा असतो आणि घेणाऱ्याच्या शेवटच्या दोन वर्षांतील फायलीही सरकारच्याच असतात.

सक्तवसुली संचालनालयाचे संचालक संजयकुमार मिश्रा यांच्या प्रकरणात हे उघड झाले. पुढे मुदतवाढ देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावल्यानंतर सरकारने कायद्यात बदल करून एकेक वर्षाची वाढ देण्याची सोय केली. जुलै 2023 मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली, पण मिश्रा यांना दिलेल्या वाढी बेकायदा ठरविल्या. एकेका वर्षाची मुदत ज्याला मिळते, त्याला दर वर्षी कोणाकडे तरी पाहावे लागते. मग अधिकारी कितीही सचोटीचा असो.

म्हणूनच अमरावतीचे भूषण गवई यांची भूमिका लक्षणीय ठरते. निवृत्तीनंतर आपण कोणतेही सरकारी पद स्वीकारणार नाही, हे त्यांनी सरन्यायाधीश असतानाच, 2025 मध्ये, जाहीर केले. खुर्चीवर असताना दिलेला हा शब्द निवृत्तीनंतरच्या आयुष्याइतकाच खुर्चीवरच्या निकालांनाही संरक्षण देतो.

सत्ता सोडली, काम नव्हे

याच दिल्लीने दोन मराठी माणसांना साठीच्या सुमारास सत्ता सोडताना पाहिले आहे. चिंतामणराव देशमुख यांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटर यांच्या उभारणीत त्यांचे दशक गेले. नानाजी देशमुख 1977 मध्ये बलरामपूरहून लोकसभेत आले, त्यांनी मंत्रिपद नाकारले आणि साठी उलटलेल्यांनी सत्तेचे राजकारण सोडून समाजाचे काम करावे, असे सांगून 1978 मध्ये ते स्वतः बाहेर पडले. गोंडा आणि चित्रकूट येथील ग्रामीण कामात त्यांची पुढची तीन दशके गेली. 2010 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

अर्थात साठी ओलांडलेल्याने थांबलेच पाहिजे, असा नियम यातून काढता येत नाही. चिंतामणरावांच्याच वर्षी, 1896 मध्ये, जन्मलेले मोरारजी देसाई 81 व्या वर्षी पंतप्रधान झाले. आणीबाणीनंतरची ती वेळ त्यांच्याच वाट्याला आली. थांबायचे की नाही हे केवळ जन्मतारखेवर ठरत नाही, एवढेच यातून दिसते. दोघा देशमुखांजवळ सत्तेबाहेर पडताना दुसरे काम होते. निदान ते शोधण्याची उमेद होती. ज्याच्याजवळ ते नसते, त्याला खुर्ची सुटत नाही आणि सुटली तर घर खायला उठते.

दिल्लीत पस्तीस वर्षे काढलेल्या मराठी अधिकाऱ्यापुढे हा प्रश्न आणखी एका रूपाने उभा राहतो. पुण्याला किंवा नागपूरला परतायचे, तर तिथली पिढी बदललेली. इथेच राहायचे, तर सरकारी निवासस्थान ठरलेल्या मुदतीत रिकामे करावयाचे. निवृत्तिवेतनाचा हिशेब सरकार करून देते. सकाळी दहा वाजता जायचे कुठे, याचा हिशेब कोणी करून देत नाही. तो मांडायला साठावे वर्ष उशिराचे असते, पंचावन्नावे बरे. राजकारण्यांना ही सवलत नाही, कारण त्यांना तारीखच नाही. अधिकाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून मिळालेली असते. शाल अंगावर पडण्याआधी तिचा अर्थ ओळखण्याची सोय त्यात आहे; ती वापरायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.