वस्तऱ्याला हवा हवी

दाढी झाली की वस्तरा धुवायचा, वरवर पुसायचा, तेलाचे बोट फिरवायचे आणि मिटून डबीत ठेवायचा, हा सर्रास चालणारा रिवाज. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, म्हणून पाते हवेपासून लपवले की ते वाचेल, असा त्यामागचा हिशेब. हिशेबाची सुरुवात बरोबर आहे, उत्तर मात्र चुकते. प्राणवायू डबीतही असतो. त्याला घरगुती उपायांनी बाहेर ठेवता येत नाही. आपल्या हातात असते ते फक्त पाणी, आणि ते काढून नेते ती मोकळी हवाच. शेफील्ड आणि झोलिंगेन या गावांनी नावारूपाला आणलेला वस्तरा साधारण एक टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असलेल्या पोलादाचा असतो. त्यामुळे तो खूप कठीण करता येतो आणि त्याची धार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ उतरते. विळीच्या पात्यावर गंजाचा ठिपका पडला तरी कांदा चिरला जातो. वस्तऱ्याच्या धारेवर तेवढाच ठिपका पडला तर तिथे खाच पडते आणि गालाला ती लगेच कळते.

गंजाची सुरुवात बहुधा नजरेआड होते. मुठीच्या दोन पट्ट्यांमधून जी खीळ पात्याला धरून ठेवते, तिच्याभोवतीच्या फटीत पाणी आपोआप ओढले जाते आणि अडकून राहते. टॉवेल तिथवर पोचत नाही. वस्तरा मिटला की हा ओलावा बंदिस्त होतो. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी तर याहून घातक: ते द्रव्य कुजू लागले की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात आणि बंद डबीत त्यांनी पाती खाल्ल्याची उदाहरणे संग्राहकांना चांगली ठाऊक आहेत. म्हणून धुताना मुठीत पाणी जाऊ न देणे, पाते मऊ कागदाने पाठीकडून धारेकडे पुसणे, खिळीजवळ कागदाची घडी सारून ओल टिपणे आणि वस्तरा काही तास उघडा ठेवणे, एवढ्यानेच निम्म्याहून अधिक काम होते. कोरड्या कापडी पट्ट्यावर चार हात फिरवले तर खुद्द धारेवरची ओलही निघते. नंतर पात्याला बोट लावू नये. घामातले मीठ गंजाला वेग देते.

मग तेल निरुपयोगी का? नाही, पण त्याचा क्रम शेवटचा. ओल्या पात्यावर तेल चोपडले तर त्याखाली पाण्याचे थेंब धातूला चिकटून राहू शकतात. आणि खरा आक्षेप इथेच येतो: कोकणात आषाढ-श्रावणात हवाच ओली असते, तेव्हा मोकळ्या हवेने काय साधणार? तिथे तेलाला पर्याय नाही हे मान्य करायलाच हवे. आधी पूर्ण कोरड्या केलेल्या पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ थर पुरतो. जवसाच्या तेलासारखी सुकून चिकट होणारी तेले टाळावीत. पण त्या दिवसांतही न्हाणीघर ही सर्वांत वाईट जागा, कारण गरम पाण्याची वाफ थंड पात्यावर दव होऊन बसते. खोलीतला कोरडा कोनाडा केव्हाही बरा.

स्टेनलेस पोलाद घ्यावे म्हणजे कटकट मिटली, असेही कोणी म्हणेल. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या पुढे गेले की पृष्ठभागावर स्वतःला सांधणारा संरक्षक थर बनतो. झोलिंगेनमध्ये असे उत्तम वस्तरे झालेही आहेत. तरी मिठाचा अंश आणि साचलेले पाणी मिळाले की तेही ठिपकतात. जिलेटने 1904 साली पेटंट मिळवलेल्या, पाते बदलता येणाऱ्या दाढीच्या यंत्राने प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला: पाते इतके स्वस्त केले की ते जपायची गरजच उरली नाही. ज्याला वेळ नाही त्याच्यासाठी तो मार्ग योग्यच आहे. पण एकच पाते वर्षानुवर्षे वापरायचे असेल, तर पैसा तेलाच्या बाटलीवर घालण्याआधी दोन मिनिटे पुसण्यावर घालावीत. चांगले तेल ओल्या पात्याला वाचवत नाही. नीट कोरडे केलेले पाते कोरड्या ऋतूत तेलावाचूनही टिकते.