आठवा म्हणजे ऑक्टेव्हियस!

जरा मोठ्याने म्हणा पाहू : सप्त, अष्ट, नव, दश. आता हे म्हणा : सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम. मावसभावंडं शोभतात की नाही? दुसरी चौकडी लॅटिनमधली, म्हणजे प्राचीन रोमच्या भाषेतली. संस्कृत आणि लॅटिन या एकाच फार फार जुन्या भाषेच्या शाखा, म्हणून त्यांच्या आकड्यांचे चेहरे असे जुळतात.

या ऑक्टोपासून मुलाचं एक नाव तयार झालं : ऑक्टेव्हियस. अर्थ, आठवा! श्रीकृष्ण देवकीचा आठवा, पण बारशाला कुणी त्याचं नाव ‘आठवा’ ठेवलं नाही. रोमन लोकांना मात्र अशी नावं आवडत. क्विंटस म्हणजे पाचवा, डेसिमस म्हणजे दहावा.

मग प्रत्येक ऑक्टेव्हियसला सात थोरली भावंडं असायची का? छे! हे नाव पुढे अख्ख्या घराण्याचं झालं, आपल्या आडनावासारखं. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोममध्ये गायस ऑक्टेव्हियस नावाचा मुलगा जन्मला. त्याला बहिणी दोन आणि दोघींचं नाव एकच, ऑक्टेव्हिया! मग एकीला थोरली म्हणायचं, दुसरीला धाकटी.

हा मुलगा मोठा भाग्याचा. त्याच्या आईचा मामा म्हणजे ज्युलियस सीझर. सीझरने मृत्युपत्रात त्याला दत्तक घेतलं आणि पुढे तो रोमचा पहिला सम्राट झाला. इसवी सनापूर्वी २७ मध्ये त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी मिळाली. ओळखीची वाटते? ऑगस्ट महिना त्याच्याच नावाचा!

आता खरी गंमत. ऑगस्टचं जुनं नाव ‘सहावा’ अशा अर्थाचं होतं, कारण रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून मोजत. बोटांवर मोजा : मार्च, एप्रिल, मे... ऑगस्ट सहावा, सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा. पुढे वर्ष जानेवारीपासून सुरू होऊ लागलं आणि सगळे दोन घरं मागे सरकले. म्हणून ‘आठवा’ नावाचा ऑक्टोबर आज दहावा आहे. आणि आठव्या जागेवर कोण? ऑगस्ट! म्हणजे जन्माने ऑक्टेव्हियस असलेल्या माणसाचा महिना नेमका आठवाच. हे कुणी ठरवून केलेलं नाही, म्हणून तर मला ते इतकं आवडतं.

हे नाव आजही जिवंत आहे. इटलीत ते ओत्ताव्हिओ होतं, स्पॅनिशमध्ये ओक्ताव्हिओ. मेक्सिकोचे नोबेल विजेते कवी ओक्ताव्हिओ पाझ १९६२ ते १९६८ या काळात आपल्या दिल्लीत राजदूत होते.

आणि घरात पेटी असेल तर सा पासून वरच्या सा पर्यंत बोट फिरवा. पाश्चात्त्य संगीतात या टप्प्याला ऑक्टेव्ह म्हणतात, त्याच ‘आठव्या’वरून. ते वरचा सा धरून आठ स्वर मोजतात. आपण वरचा सा पुढच्या टप्प्यात धरतो, म्हणून आपलं सप्तक. पट्ट्या त्याच, सूरही तेच!