दांडिया बाजारात गॅसचा वास

सकाळी ६.३०. डेपोत पहिलं काम गॅसगळती शोधायचं मशीन तपासायचं. प्रमाण ठाऊक असलेल्या मिथेनची छोटी बाटली डिटेक्टरला लावायची. अलार्म वाजलाच पाहिजे. याला आम्ही बंप टेस्ट म्हणतो. डिटेक्टरच्या पोटात तापलेला बारीक मणी असतो. त्यावर वायू जळला की मणी आणखी तापतो आणि पडद्यावर आकडा चढतो. सिलिकॉनची वाफ लागली तर हा मणी निकामी होतो, पण पडद्यावर तेव्हाही शून्यच दिसतं. स्वच्छ हवेचं शून्य आणि मेलेल्या सेन्सरचं शून्य, दोन्ही एकसारखी. म्हणून बंप टेस्ट झाल्याशिवाय मशीन गाडीत चढत नाही.

७.१५. बडोद्याच्या रावपुऱ्यातून मांडवीकडे पायी सर्व्हे. रहदारी वाढायच्या आत उरकलेला बरा. हातात लेझर डिटेक्टर. त्याचा इन्फ्रारेड किरण समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. वाटेत मिथेन असेल तर किरणाचा ठरावीक भाग तो शोषून घेतो. चौथ्या मजल्यावरचा पिवळा रायझर, म्हणजे भिंतीवरून वर चढणारा गॅसचा पाइप, रस्त्यावरूनच तपासता येतो, बंद खिडकीच्या काचेतूनही. आकडा मात्र एका जागेचा नसतो, किरणाच्या सगळ्या वाटेवरची ती बेरीज असते. म्हणून संशय आला की जवळ जाऊन साध्या डिटेक्टरने जागा हुडकावी लागते.

गटारांपाशी हमखास फसगत होते. तिथेही मिथेन असतो. नळातल्या नैसर्गिक वायूत थोडा इथेन असतो, गटारातल्या वायूत तो नसतो. इथेन ओळखणारं मशीन लावलं की रस्ता खोदायचा की नाही ते ठरतं.

९.००. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातून फोन. बडोद्यात महापालिकेने सत्तरच्या दशकातच नळाने गॅस द्यायला सुरुवात केली, त्यामुळे इथल्या मराठी घरांत तीन पिढ्यांना हा वास ओळखीचा आहे. स्वयंपाकघरात डिटेक्टर शून्य दाखवत होता.

“काकू, आत्ता येतोय का वास?”

“आत्ता कसा येईल रे? रात्री कॉक बंद करते मी. सकाळी चहाला उघडला की येतो.”

उत्तर त्यांच्या बोलण्यातच होतं. खिडकी उघडी ठेवून कॉक उघडला, शेगडी न पेटवता डिटेक्टर रबरी नळीवरून हळूहळू फिरवला. ओट्यामागे आकडा हलला. साबणाचं पाणी लावलं तर नळीच्या एका बाजूला बारीक बुडबुडे धरायला लागले, फुगून फुटायचे, पुन्हा धरायचे. उंदराने कुरतडलेली जागा. कॉक बंद, नवी नळी, पुन्हा साबण, पुन्हा डिटेक्टर.

काकूंना वाटत होतं, उगीच बोलावलं की काय. मुळीच नाही. वास आला की फोन करायचाच. दहा वेळा काही सापडलं नाही तरी अकराव्यांदा करायचा. दिव्याचं बटण मात्र दाबायचं नाही, फोनही घराबाहेर येऊन करायचा. नळाचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. म्हणून झरोके आधी उघडायचे. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो.

१.००. डबा. दुपारी वासाची चाचणी असली की कांदा, लसूण, मावा सगळं वर्ज्य.

२.३०. ती चाचणी मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते. मिथेनला स्वतःचा वास नसतो. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेत बिनवासाचा वायू साचून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यातली बहुतेक मुलं. त्यानंतर वायूत वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. आपल्याकडे मर्कॅप्टन मिसळतात. हवेत मिथेन ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. नियम असा की त्याच्या एक पंचमांशावर, म्हणजे १ टक्क्यावरच, साध्या नाकाला वास यायला हवा. हे मोजणारं यंत्र म्हणजे ओडोरोमीटर. खालून हवा येते, त्यात वायू थोडाथोडा वाढवत न्यायचा आणि वरून हुंगायचं. ‘आला’ म्हटलं की आकडा टिपायचा. इतक्या यंत्रांत निकाल देणारं शेवटी माणसाचं नाक, आणि ते सर्दी झालेलं चालत नाही. फार वेळ हुंगत राहिलं तर नाक सरावतं, म्हणून मी आणि माझा जोडीदार आळीपाळीने बसतो.

५.००. मांजलपूरकडे जेसीबीचा दात पाइपला लागल्याची खबर. व्हॉल्व्ह बंद, दोरी बांधून माणसं लांब. रस्त्याकडेला सळईने भोकं पाडून प्रत्येकात नळी घालून मोजत जायचं. इथे नाकावर भिस्त ठेवता येत नाही: मातीतून झिरपताना मर्कॅप्टन मातीला चिकटून राहतं आणि वायू बिनवासाचा होऊन चार घरं सोडून पाचव्या घराच्या पायाशी निघू शकतो. म्हणून पाइपपासून दूरची घरंही मशीनने तपासायची, लोकांनी “इथे काही वास नाही” म्हटलं तरी.

८.००. पाळी बदलते. वहीत तीन रकाने: सापडलं, दुरुस्त केलं, शून्य आलं. शून्य आलेल्या तक्रारी मी वेगळ्या कागदावर उतरवून पुढच्या पाळीच्या हातात देतो. आज त्यात वाडी भागातलं एक घर आहे. संध्याकाळी सहानंतरच वास येतो म्हणाले. तिथे रात्रपाळीचा माणूस आता निघालाय.