कापराच्या पुडीने ऑक्सिजन वाढत नाही

मे महिना लागला की पुण्या-मुंबईहून सॅक पाठीला लावून मंडळी हिमाचल गाठतात. पार्वती खोऱ्यातला सार पास हा त्यातला अनेकांचा पहिला हिमालयीन ट्रेक. आठवडाभर तंबूत मुक्काम, रोज पुढचा कॅम्प. सामानाची यादी प्रत्येकाकडे असते. त्याबरोबर ऐकीव सल्ल्यांचं एक गाठोडंही असतं, आणि ते बरंच जड असतं.

‘‘दर रविवारी सह्याद्रीत असतो, मला काय होतंय?’’ हा सगळ्यांत महागात पडणारा समज. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. सार पास जिथून सुरू होतो ते कसोल सुमारे १५८० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या राज्याचं सर्वोच्च टोक जिथे संपतं, जवळपास तिथून ही चढाई सुरू होते आणि ४२०० मीटरच्या आसपास जाते. सह्याद्रीच्या सरावाने पाय तयार होतात, घसाऱ्यावर तोल सांभाळता येतो. पण उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर कुणालाही गाठू शकतो. मॅरेथॉन पळणाऱ्यालाही आणि पन्नाशीच्या मावशींनाही. उलट दमदार गडी भराभर वर जातो आणि आधी आडवा होतो, असंही घडतं.

वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, हेही खरं नाही. ते तिथेही २१ टक्केच असतं. घटतो तो हवेचा दाब. ४२०० मीटरवर तो समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ६० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. म्हणून ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये, असं डॉक्टर सांगतात. बेस कॅम्पवरचा सरावाचा दिवस अनेकांना ‘फुकट गेला’ असं वाटतं. माझ्या मते संपूर्ण पॅकेजमधला तोच सर्वांत मोलाचा दिवस.

आता कापूर. रुमालात बांधलेली पुडी प्रत्येक ग्रुपमध्ये फिरते. वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, इतकंच. रक्तातला ऑक्सिजन त्याने कणभरही वाढत नाही. मुलं बरोबर असतील तर जास्तच जपा, कारण कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

भरपूर पाणी प्यायलं की त्रास होत नाही, हाही अर्धवट सल्ला. तहान भागेल इतकं पाणी हवंच, पण लिटरमागून लिटर रिचवल्याने उंची बाधायची थांबत नाही. अतिरेक झाला तर रक्तातलं सोडियम खाली येतं. डायमॉक्सची गोळी जुळवून घेण्याचा वेग वाढवते, पण ती मनाने घेऊ नये. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि थंडीवर ‘दोन घोट’? दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते. जीन्सही घरीच राहू द्या, ओली झाली की वाळत नाही. गॉगल मात्र फोटोपुरता समजू नका; ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परतवतो आणि उघडे डोळे संध्याकाळी आग आग करतात.

शेवटचा समज सगळ्यांत घातक: ‘‘डोकं दुखतंय ते उन्हाने, सकाळपर्यंत बरं वाटेल.’’ उंचीवर डोकेदुखी, मळमळ, अन्न नकोसं होणं, झोप न लागणं ही लक्षणं दिसली, तर दुसरं कारण ठामपणे सापडेपर्यंत ती उंचीचीच धरायची आणि आणखी वर जायचं नाही. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालून बघा. तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आलेली असू शकते. अशा वेळी ऑक्सिजन आणि औषधं मदत करतात, पण खरा उपाय खाली उतरणं. तोही लगेच, रात्र असली तरी आणि कुणाला तरी सोबत घेऊनच.

पैसे भरलेत, ग्रुप पुढे जाईल, लोक काय म्हणतील, या भीतीने कितीतरी जण लक्षणं लपवतात. तसं करू नका. डोकं धरलं की त्याच संध्याकाळी कॅम्प लीडरला सांगा.